चारशे चार

आमच्या सोसायटीत माणसांची नावं फक्त वीजबिलावर असतात. एरवी मेंटेनन्सच्या वहीपासून वॉचमनच्या हाकेपर्यंत सगळा कारभार फ्लॅटच्या नंबरावर चालतो. दोनशे एकच्या आजी, तीनशे दोनचं कुत्रं, तसा हा चारशे चार. बाकीच्यांना नंबर चिकटला, ह्यानं मात्र तो मागून घेतला. बिल्डर त्याच भावात पाचव्या मजल्यावरचा, टेकडी दिसणारा फ्लॅट देत होता. ह्यानं समोरच्या इमारतीची धुणी दिसणारा हा फ्लॅट घेतला, कारण इंटरनेटवर एखादं पान सापडलं नाही की पडद्यावर जो आकडा येतो तो ४०४. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्यानं हा विनोद समजावून सांगितला. ऑफिसातले दोघे हसले. गुरुजी "बरं" म्हणाले आणि पुढच्या वास्तुशांतीला निघाले.

वय चाळिशीच्या जरा अलीकडे. नोकरी हिंजवडीत, फेज थ्रीला. शिक्षण मेकॅनिकलचं, ज्याचा आता फक्त मिक्सरचं भांडं अडकलं की उल्लेख होतो. पाठीवरची सॅक कंपनीनं दिलेली. अंगातला टीशर्टही कंपनीनंच दिलेला, आणि त्यावर कधीच बंद पडलेल्या एका सॉफ्टवेअरचं नाव. बायको डेंटिस्ट आहे. तोंड उघडं असून बोलता येत नाही अशा माणसांत तिचा दिवस जातो, आणि संध्याकाळी घरी येऊन ती त्याची भरपाई सोसते.

कारण ह्याला मतं आहेत. अपार आहेत. त्या सगळ्या मतांच्या मुळाशी एकच धारणा आहे: जगातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी घाईघाईत चुकीची लिहून ठेवलेली आहे, आणि आपल्याला एक शनिवार-रविवार मोकळा मिळाला तर आपण ती नीट लिहून देऊ. मराठी शुद्धलेखन, महापालिकेचं बजेट, लग्नाचा मेनू, शेतमालाचे भाव, आयुर्वेद, कसोटी क्रिकेट, सगळं. "मला ह्यातलं फारसं कळत नाही," अशी सुरुवात करून तो त्या विषयावर चाळीस मिनिटं बोलतो.

सगळंच टाकाऊ असतं असं नाही. चांदणी चौकातला जुना पूल आठवत असेल. २०२२ च्या ऑक्टोबरात तो पाडायला ६०० किलो स्फोटकं लावली होती आणि अर्धं पुणं मध्यरात्र उलटून गेली तरी टीव्हीसमोर बसलं होतं. स्फोट झाला, धूळ उडाली, धूळ बसली, आणि पूल बराचसा जागच्या जागी. उरलेलं काम पोकलेन आणून करावं लागलं. सगळे हळहळत होते, पण चारशे चार हर्षभरित होऊन माझी बेल वाजवायला आला.

"काका, ही लिगसी सिस्टीम! बांधणारा कधीच रिटायर झाला, कागद सापडत नाहीत, आत किती सळई घातली ते कुणाला ठाऊक नाही. वापरताना रोज वाटतं आज पडणार. आणि पाडायला गेलं की पडत नाही!"

त्या पुलावर पुण्यात पुष्कळ बोललं आणि लिहिलं गेलं. ह्यापेक्षा शहाणं वाक्य मी ऐकलं नाही. रात्री दोन वाजता ऐकावं लागलं एवढीच तक्रार.

त्याच चौकातून तो रोज जातो, पाच माणसांच्या गाडीत एकटा. भूमकर चौकात अडकला की मला फोन करतो. १९६८ साली ब्रेस नावाच्या जर्मन गणितज्ञानं दाखवून दिलं आहे की नवा रस्ता काढल्यानं कधीकधी सगळ्यांनाच जास्त वेळ लागतो, आणि हे पुण्याच्या एकाही नगरसेवकाला माहीत नाही, हे तो मला आठवड्यातून एकदा तरी सांगतो. सोसायटीतला आणखी एक जण फेज थ्रीलाच जातो, त्याच वेळेला. दोघं एका गाडीत का जात नाहीत, असं मी एकदा विचारलं. "तो गाडीत बोलतो, काका."

गणित हा त्याचा खरा देव, पण प्रसाद नेहमी दुसऱ्याच्या हातून मिळतो. परवाच्या दिवाळीत बारा घरी फराळाचे डबे पोचवायचे होते. त्याची आई पिशव्या भरत असताना ह्यानं लॅपटॉप उघडला. "बारा घरं म्हणजे जाण्याचे क्रम ४७ कोटी ९० लाख १ हजार ६००. असं उठलं आणि निघालं म्हणून चालत नाही, आई." तो नकाशावर घरं मांडून, एकेरी रस्ते वगळून, कर्वे रस्त्याच्या गर्दीला गुणांक लावेपर्यंत आई रिक्षानं नऊ डबे देऊन परत आली. तिनं अंतराचा विचारच केला नव्हता. जिथं चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत ती तीन घरं तिनं शेवटी ठेवली होती. ह्यानं तिची पद्धत नीट ऐकून घेतली आणि म्हणाला, "चालेल, पण हे सर्वोत्तम आहे असं सिद्ध करता येणार नाही."

गणपतीत मखराला उशीर झाला की मंडळाची पोरं त्याला बोलवायला येतात. तेव्हा त्याच्या मदतीला फ्रेड ब्रुक्स येतो. उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की ते आणखी रखडतं, असं ब्रुक्सनं १९७५ च्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. "म्हणून मी येत नाही. तुमच्याच भल्यासाठी." पोरं थर्मोकोलवरच्या बंदीला शिव्या देत पुठ्ठा कापायला परत जातात, आणि हा गॅलरीतून काम कुठवर आलं ते बघतो.

पण ह्या माणसाची पुरती ओळख सोसायटीला झाली ती पाण्याच्या मोटारीनं.

मोटार आमचे वॉचमन मामा चालवतात. सकाळी सहाला बटण दाबायचं आणि गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोचं पाणी पडल्याचा आवाज आला की बंद करायचं. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं, मग ते चारशे चारला दिसलं. आधी त्यानं महिनाभर रोज वाहून जाणारं पाणी बादलीनं मोजलं. मग वार्षिक सभेत प्रोजेक्टर लावून आलेख दाखवले. आमचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, आलेखाला घाबरणारे. त्यांनी खर्च मंजूर केला. टाकीत सेन्सर बसला, मोटारीला रिले बसला, दोन्ही काड्यापेटीएवढ्या एका बोर्डाला जोडले गेले आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर ॲप आलं. त्यात टाकीचं चित्र होतं आणि आत निळं पाणी हळूहळू वर चढायचं. चित्र सुरेख होतं, हे नाकारता येणार नाही.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला मोटार सुरू झाली नाही. सातलाही नाही. आठला दोनशे एकच्या आजी रिकामी बादली घेऊन खाली आल्या. मामांनी बटणाकडे हात नेला तर बटणावर चिकटपट्टी आणि त्यावर ठळक अक्षरांत 'हात लावू नये'. साहेबांचं अक्षर ओळखून मामांनी हात मागे घेतला. चारशे चार स्वतः सहाच्या आधीच कॅबनं ऑफिसला गेला होता आणि फोन मीटिंगमुळे बंद. साडेअकरा वाजता, सगळी सोसायटी पारोशी ऑफिसांना आणि शाळांना निघून गेल्यावर, मोटार आपोआप सुरू झाली, टाकी काठोकाठ भरली, आणि एक थेंबही न सांडता बंद झाली. मोबाइलवर निळं चित्र उमटलं. खाली संदेश: 'सर्व काही सुरळीत.'

संध्याकाळी पार्किंगमध्ये त्याला सगळ्यांनी घेरलं.

"मोटार सहालाच सुरू झाली," तो म्हणाला.

"अरे, साडेअकराला झाली!"

"आपल्या साडेअकराला. सर्व्हरच्या घड्याळात सहाच वाजले होते."

ग्रीनिचच्या घड्याळात. साडेपाच तासांचा हा फरक शाळेत भूगोलाच्या तासाला मिर्झापूरच्या रेखावृत्तासकट आम्ही सगळ्यांनी पाठ केला होता. आजींनी बादली खाली ठेवून ह्याला विचारलं, "तुला शिकवला नव्हता का?"

"शिकवला होता, आजी. पण सभेच्या ठरावात सहा म्हणजे कुठले सहा ते लिहिलेलं नाही."

सेक्रेटरींनी इतिवृत्त काढून पाहिलं. खरंच लिहिलेलं नव्हतं.

चूक त्यानं त्याच रात्री दुरुस्त केली. तरीही चिकटपट्टी निघाली ती निघालीच. आता मामा सहाला बटण दाबतात, आवाज ऐकून बंद करतात, आणि ॲप सगळ्यांना मोटार सुरू झाल्याची बातमी देतं.

विज्ञान म्हणाल तर त्याची बाजू पक्की आहे. पत्रिकेचा विषय निघाला की तो नारळीकर काढतो. २००८ साली जयंत नारळीकरांनी ज्योतिषांची रीतसर चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या शंभर आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शंभर अशा कुंडल्या गोळा केल्या, त्यांतल्या ४०-४० प्रत्येकाला दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. शेवटी उत्तरं पाठवली ती २७ जणांनी, आणि सरासरी बरोबर आले ४६ टक्के. "नाणं उडवलं असतं तरी पन्नास आले असते, काका!" हे तो घरच्या प्रत्येक लग्नाच्या बैठकीत सांगतो, म्हणून आता त्याला बैठकीच्या दिवशी आइस्क्रीम आणायला लांबच्या दुकानात पाठवतात.

असा हा पुराव्याचा माणूस शुक्रवारी दुपारनंतर चालत्या कोडला हात लावत नाही. टीममध्ये कुणाला लावूही देत नाही.

"का रे?" आईनं विचारलं.

"शुक्रवारी बदल केला की बिघडतं."

"मग शनिवारी नखं काढू नये म्हटलं की माझ्यावर का हसतोस?"

"ह्याला कारण आहे, आई. शुक्रवारी बिघडलं तर शनिवारी दुरुस्तीला कुणी नसतं."

"त्यालाही असेल. ते सांगणारा रिटायर झाला असेल."

पुढे २०२४ च्या जुलैत क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक निळे पडदे दाखवत बसले, विमानं खोळंबली, आपल्याकडे विमानतळावर हातानं बोर्डिंग पास लिहून द्यायची वेळ आली. हा मोबाइल नाचवत स्वयंपाकघरात गेला. "बघ, आई! १९ जुलै! वार कोणता? शुक्रवार!" एका उदाहरणावरून नियम काढू नये, हे नारळीकरांचा दाखला देताना त्यानंच आम्हाला शिकवलं होतं.

त्याच्या कंपनीच्या एका जुन्या प्रोग्राममध्ये चाळीसेक ओळी अशा आहेत की त्या काय करतात ते आज कुणालाच सांगता येत नाही, पण काढल्या की हिशेब चुकतो. त्या ओळींना सगळे सोवळ्यात ठेवतात. आणि दसऱ्याला आई झेंडूचं फूल आणि हळदकुंकू घेऊन लॅपटॉपपाशी आली की हा कीबोर्डात कुंकू गेलं तर काय होतं ह्यावर व्याख्यान देतो, मग मुकाट्यानं लॅपटॉप पुढे करतो. गेल्या वर्षीचं एंटरवरचं कुंकू दिवाळी उलटून गेली तरी तसंच होतं. पुसायचं ना, म्हटलं तर म्हणाला, "रिलीज होऊ दे, मग पुसतो."

तंत्रज्ञानाचा हा जाणकार, म्हणजे घर आपोआप उघडणारं, दिवे टाळीवर लागणारे, फ्रिज दूध मागवणारा असं काही तुमच्या डोळ्यांपुढे येत असेल, तर ते तीनशे दोनच्या घरी बघायला मिळेल. ते शाळेत चित्रकला शिकवतात. चारशे चारच्या दाराला गोदरेजचं नवताल आहे. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर बायकोची टिकली लावलेली आहे. यूपीआयसाठी त्यानं वेगळं खातं काढलंय आणि त्यात पाच हजारांवर रक्कम राहू देत नाही. त्याची आई मात्र कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपयेही फोननं देते आणि भाजीवालीच्या यंत्रातली बाई पैसे आल्याचं बोलल्याशिवाय पुढे सरकत नाही. "तुला भीती नाही वाटत?" ह्यानं तिला विचारलं. "तुम्हीच केलंय ना हे सगळं?" ती म्हणाली. "म्हणूनच विचारतोय," हा म्हणाला.

एकदा लिफ्टमध्ये त्यानं मला गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी लिफ्टमध्ये बसू नका. जुनी यंत्रं १९७० पासूनचे सेकंद मोजत आली आहेत, आणि त्या क्षणी त्यांच्या ३२ बिटांच्या डब्यात पुढचा सेकंद मावणार नाही. घड्याळ एकदम १९०१ सालात जाईल. आमच्या लिफ्टमध्ये असलं काही घड्याळ आहे का, असं विचारलं तर म्हणाला, "नसावं. पण कुणी बघितलंय?" तोवर आपण जिन्यानं चढण्याच्याही पलीकडे गेलेलो असू, हे मी बोललो नाही.

आता थोडं दुःखाचं. साताठ वर्षांपूर्वी हा भेटेल त्याला सांगत होता की यंत्रं सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार. रिक्षावाल्याला सांगितलं, सीएला सांगितलं, खुद्द बायकोला क्लिनिकच्या उद्घाटनाला सांगितलं. मला तर तारीखच दिली होती. "लिहिणं काय, काका, पाच वर्षांत यंत्र लिहील. रडून उपयोग नाही, जुळवून घ्यायचं." मग २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. पहिले सहा महिने हा लग्नातल्या मुलाच्या मामासारखा फिरत होता. नंतर एका दुपारी त्या यंत्रानं ह्याचं आठवड्याचं काम चहा निवेपर्यंत करून दिलं, आणि ते बरोबरही निघालं. तेव्हापासून त्याच्या तोंडी अनुभव, जाण, हातोटी, परंपरा असले शब्द येऊ लागले आहेत. "कोड नुसता चालून भागत नाही, काका. त्यामागे माणूस लागतो." मी म्हटलं, जुळवून घ्यावं लागेल. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. हे वाक्य आपण कुठंतरी ऐकलंय एवढं त्याला कळलं असावं.

हा माणूस एका विषयावर मात्र कधीच ठाम बोलत नाही. तो विषय म्हणजे त्याचं स्वतःचं काम. वाहतूक, शिक्षण, शेती, न्यायव्यवस्था एका शनिवार-रविवारात सुधारणारा हा गृहस्थ, हातातलं काम कधी संपेल एवढं विचारलं की बिचकतो. बायको रात्री फोन करते, कधी येतोस? हा तिला १९३६ सालचा ट्युरिंग सांगतो: कुठलाही प्रोग्राम द्या, तो थांबेल की नाही हे आधीच सांगणारी रीत असूच शकत नाही. ती म्हणते, "अरे, पोळ्या टाकू की नको, एवढंच सांग."

उन्हाळ्यात एका रात्री झोप येईना म्हणून मी गॅलरीत उभा होतो. दोन वाजले असतील. शेजारच्या गॅलरीत हा, स्टुलावर लॅपटॉप, चार्जरची वायर खिडकीतून आत गेलेली, कानाला फोन. पलीकडे कुणीतरी रडकुंडीला आलेलं पोर असावं. "घाबरू नकोस," हा हळू आवाजात सांगत होता. "शेवटचं काय बदललं ते सांग. नाही, तुला काय वाटतं ते नको, काय दिसतंय ते वाच." मग वाट बघितली. पुन्हा वाट बघितली. "बरं, ते नव्हतं. आता ह्याच्या आधीचं बघू." असे दोन तास. आवाज चढला नाही, कुणाचं चुकलं हे विचारलं नाही, आणि मुख्य म्हणजे कशावरही मत दिलं नाही. "मला माहीत नाही" हे तीन शब्द मी त्याच्या तोंडून त्या रात्री जितक्या वेळा ऐकले, तितके आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून ऐकले नव्हते. चारच्या सुमाराला म्हणाला, "सापडलं. झोप आता, सकाळी बोलू." मग मला बघून म्हणाला, "काका, झोप नाही? खरं तर झोपेचं जे शास्त्र आहे ना..."

मी आत आलो.

म्हणून माझं म्हणणं असं, की ठाम मतं देण्याचा हुशारीशी काही संबंध नाही. ज्या कामात त्यानं पंधरा वर्षं मार खाल्ला आहे, तिथं तो नम्र आहे, चिवट आहे आणि ऐकून घेणारा आहे. ज्या कामात मार दुसऱ्यांनी खाल्ला, ते त्याला सोपं दिसतं. डॉक्टर, वकील, संपादक, निवृत्त बँक अधिकारी, कुणालाही ह्या वाक्यात बसवून बघा, जागा पुरेल.

येत्या वार्षिक सभेत चारशे चारनं सेक्रेटरीपदासाठी अर्ज भरला आहे. जाहीरनामा बावीस पानांचा आहे आणि त्यात सहा म्हणजे कुठले सहा ते सुरुवातीलाच स्पष्ट केलं आहे. सर्व सभासदांना माझी विनंती: रात्री-अपरात्री काही अडलं तर खुशाल त्याची बेल वाजवा, तो येईल आणि सुटेपर्यंत बसेल. मत मात्र देऊ नका, आणि मोटारीचं बटण मामांकडेच राहू द्या.